मोनाका ठीक. तू?

१० जानेवारी, नागानो

बाबा,

यंदा तुमचं कार्ड आलं नाही.

मी काही वाट बघत नव्हते. एक तारखेला आईचा फोन आला, मोचीचा चिकट गोळा नीट चावून खा, आजोबांसारखा घशात अडकवून घेऊ नकोस वगैरे. मी सहज विचारलं, टपाल आलं का? आलं म्हणाली. विमावाल्यांचं, मावशीचं, तुझ्या शाळेतल्या बाईंचं. तीन तारखेला परत विचारलं. पाचला विचारलं. सातला आईच म्हणाली, "अगं, कुणाच्या कार्डासाठी जीव टांगलाय तुझा? नाव तरी सांग." मी म्हटलं, कुणाच्या नाही.

मी आणि आई निघून आलो त्याला सोळा वर्षं झाली. सोळा कार्डं एका बिस्किटाच्या डब्यात आहेत. सगळ्यांवर तेच पाणमांजर, पाण्यावर उताणं, पोटावर शिंपला. आणि खाली तुमचं ठोकळ्यासारखं अक्षर. "मोनाका ठीक. वजन २३ किलो. तू?" पुढच्या वर्षी २४. मग परत २३. एकदा २६ होतं, तेव्हा मीसुद्धा वाढले होते. माणसं नव्या वर्षाला तब्येत विचारतात, सुखसमृद्धी चिंततात. तुम्ही वजन कळवता. आणि त्या "तू?"ला मी एकदाही उत्तर दिलं नाही.

वर्षभरात ज्या घरात कुणी गेलं असेल, त्या घरातून नव्या वर्षाची कार्डं जात नाहीत. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण बाबा, तुमच्या घरात तुम्ही एकटेच. त्यामुळे तुमच्या घरातलं कुणी गेलं असेल, तर

ते वाक्य मला पुढे लिहिता येत नाहीये.

दुसरं काही कारण असेल असं मला वाटत नाही. एवढंच कळवा, आहात ना. बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल. वजन लिहा हवं तर.

चिहारु


१९ जानेवारी, नागानो

बाबा,

पत्र परत आलं. पाकिटावर लाल शिक्का. या पत्त्यावर शोधूनही व्यक्ती सापडली नाही. शिक्क्यात एक छोटा हात आहे, बोट माझ्या नावाकडे केलेलं. गुन्हेगार दाखवावा तसं.

जुना फोननंबर लागत नाही. तुमच्या मत्स्यालयात फोन केला. आधी पेंग्विन फिरायला कधी निघतात ते ध्वनिमुद्रित बाईनं सांगितलं, मग एक खरा माणूस आला, "आपलं काय काम आहे?" म्हणाला आणि मी फोन ठेवला. तो जर म्हणाला असता, की कुराता-सान का, अहो ते तर... मग मी काय केलं असतं? मी कामावर, दातांच्या दवाखान्यात होते. खुर्चीत एक आजोबा आ करून बसले होते. मी लोकांचे दात साफ करते, बाबा. तुम्हाला माहीत नसेल. मुद्दाम समुद्र नसलेल्या गावात नोकरी घेतली, हेही माहीत नसेल.

गेल्या पत्रात म्हटलं होतं ना, दुसरं काही कारण वाटत नाही. ते खोटं होतं. आहे एक.

गेल्या जानेवारीत मी कार्डं बंद केली. सगळेच करतायत. दुकानात छापील मिळतात: "पुढील वर्षापासून नववर्षाची शुभेच्छापत्रं पाठवणं थांबवत आहे. आपला स्नेह असाच राहावा." तसली बत्तीस मागवली. मैत्रिणी, मावश्या, जुन्या बाई. आणि त्यातलं एक तुम्हाला गेलं. पत्त्यांची यादी कॉम्प्युटरमध्ये होती, मी नीट बघितली नाही, चुकून गेलं. मशीननं पाठवलं.

म्हणजे दोनच गोष्टी शक्य आहेत. एक, तुम्ही नाही. दोन, तुम्ही आहात आणि माझ्यामुळे गप्प झालात. गेले दहा दिवस मी देवाकडे दुसरी मागतेय. माझ्यावर चिडलेले बाबा द्या. कायमचे चिडलेले चालतील.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. पिशवीत ठेवते. रविवारी तिकडे येते.

चि.


२५ जानेवारी, सकाळी अकरा वीस
सार्डिनच्या टाकीसमोरचा बाक. कागद नाही म्हणून मत्स्यालयाच्या नकाशाच्या मागे लिहितेय

तुम्ही जिवंत आहात!

तुम्ही जिवंत आहात आणि तळमजल्यावर आहात आणि मी तिसऱ्या मजल्यावर आहे आणि खाली यायच्या आधी हे लिहून काढते.

सकाळी आले. चौकशीच्या टेबलावर माझ्याच वयाची मुलगी होती, गळ्यात निळा रुमाल. मी म्हटलं, "कुराता शिगेओ इथे काम करायचे ना?"

तिचा चेहरा पडला. उठून उभी राहिली, कमरेत वाकली.

"लांबून आलात?"

"नागानोहून."

"बाई गं. इतक्या लांबून. फार फार आभार. फुलं आणलीत का? नाही? असू दे, मनापासून आलात ना. पेंग्विनच्या पुढे गेलात की डावीकडे टेबल मांडलंय. वहीत चार शब्द लिहा."

मी "बरं" म्हटलं. बाबा, मी चक्क "बरं" म्हटलं. आणि चालायला लागले. पेंग्विन सगळे काठावर ओळीनं उभे होते आणि लग्नात जेवणं आटोपल्यावर येणाऱ्या पाहुण्याकडे बघतात तसे माझ्याकडे बघत होते. मला आठवलं की माझ्याकडे काळे मोजेसुद्धा नाहीत. पिवळे आहेत. बाबांच्या फुलांपुढे मी पिवळ्या मोज्यांत उभी राहणार.

पांढरी चादर, शेवंतीचे गुच्छ, पोरांनी काढलेली चित्रं. मधे काळ्या फितीची चौकट. समोर एक धिप्पाड माणूस हात जोडून उभा, त्यामुळे फोटो दिसेना. मी त्याच्या मागे रांगेत उभी राहिले. तो एकदाचा बाजूला झाला.

चौकटीत मोनाका होती. उताणी. पोटावर शिंपला.

मी हसले. गालातल्या गालात नाही, खो खो. शोकाच्या टेबलासमोर. एका बाईनं आपल्या पोराला जवळ ओढून घेतलं.

"इथे हसू नये, बाळ," शेजारून आवाज आला. जांभळं स्वेटर, गुडघ्याएवढी आजी, गळ्यात वर्षाचा पास.

"आजी, मला वाटलं कुराता-सान गेले."

"कोण, तो? तो कुठला जातोय! पेन्शनीत निघून वर्ष होत आलं तरी सकाळी साडेनऊला माझ्याआधी दारात. त्याला हलवायचं तर आधी इमारत पाडावी लागेल."

"पण खाली ती मुलगी मला फुलं ठेवा म्हणाली..."

"मग? सगळे त्यालाच विचारत येतात. मोनाका गेली म्हणून त्याचं सांत्वन करायला. बावीस वर्षं सांभाळली त्यानं. नोव्हेंबरच्या अठ्ठावीसला गेली, सकाळी, झोपेतच. तेव्हापासून एकोणपन्नास दिवस ह्याच्या गळ्यात काळा टाय. पाण्यातलं काम आणि काळा टाय! टोक कायम ओलं. मी म्हटलं, अरे, चिमटा तरी लाव."

मग त्या मला इथे घेऊन आल्या. किनुए आजी नाव त्यांचं. रोज येतात. घरी हीटर लावण्यापेक्षा हे स्वस्त पडतं म्हणाल्या, आणि वर मासे फुकट. सार्डिनचा थवा वळला, हजार सुऱ्या एकदम फिराव्यात तसा. आजी म्हणाल्या, "आल्याचे दोन तुकडे घालून मंद शिजवले ना..." शेजारचा माणूस म्हणाला, "मीठ लावून भाजले तर?" आजी म्हणाल्या, "एवढ्या ताज्याला भाजणं म्हणजे पाप." तेव्हा मला पटलं, मी घरी आलेय. नागानोत लोक तलावातल्या माशाला सुंदर म्हणतात.

"नव्या वर्षाला मी त्याला शुभेच्छा द्यायला गेले," आजी सांगत होत्या, "तर हात वर करून थांबवलं मला. म्हणे, 'आजी, आमच्याकडे सुतक आहे.' मी म्हटलं, आमच्याकडे म्हणजे कुणाकडे रे? एकटा जीव तू."

मी माझे पिवळे मोजे वर ओढले.

"आणि तू त्याची कोण?"

"ओळखीची."

"हं. पुढचे दोन दात तर त्याचेच आहेत, उसने घेतलेस का?"

दवाखान्यातल्या डॉक्टरनं तीनदा विचारलंय, सरळ करून देऊ का म्हणून. तीनदा नको म्हटलं. का, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

वहीत लिहिलं मी. तुम्ही वाचालच, म्हणून इथेच सांगते: "मोनाका, माझ्या शाळेच्या क्रीडादिनाला बाबा तुझ्यामुळे आले नाहीत. मी दहा वर्षांची होते. तेव्हापासून तुला शिव्या घालत आले. तुला काही कळत नव्हतं, तू शिंपले फोडत होतीस. चुकलं माझं." खाली सही नाही केली.

म्हणजे सुतक मोनाकाचं होतं. म्हणून कार्ड नाही. की माझ्या त्या छापील कार्डामुळे? हे अजून कळलेलं नाही. ते विचारायचं तर तळमजल्यावर जावं लागेल. आजी म्हणतात, तुम्ही रविवारी पोरांनी समुद्रजीवांना हात लावायच्या हौदाशी असता, स्वयंसेवकांच्या पिवळ्या जाकिटात.

माझे मोजेही पिवळे. जाते.


२६ जानेवारी, नागानो

बाबा,

काल तुम्ही होताच समोर, मग परत काय लिहायचं? पण तुम्ही बघत होता पाण्यात. माझ्या बाजूनं काय झालं ते तुम्हाला माहीत नाही.

मी पोरांच्या रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे सात जण, सगळे माझ्या कमरेएवढे. तुम्ही तोंडं बघतच नाही, बाबा. फक्त हात. "आधी हात गार करून घ्या. तुमचा हात म्हणजे त्यांना तवा. आता एका बोटानं. एकाच." केस पांढरे झालेत. आवाज तोच. एका पोरानं काळ्या लिबलिबीत समुद्रकाकडीवर बोट ठेवून विचारलं, "हिला खातात?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "खातात. व्हिनेगरमध्ये. पण आत्ता ती कामावर आहे."

मग माझी पाळी आली. मी हात बुडवला. किती गार होतं ते पाणी!

"मोठ्यांनीही एकच बोट," तुम्ही म्हणालात.

"बाबा, कार्ड आलं नाही."

तुमचा हात पाण्यातच राहिला. वर बघितलं नाहीत.

"घरात सुतक होतं," तुम्ही म्हणालात.

"मला वाटलं तुम्हीच गेलात."

"मी?" विचार केलात. "मी गेलो असतो तर तुला कळवलं असतं."

"कुणी?"

"...हो. तेही आहे."

आणि शेजारून ते समुद्रकाकडीवालं कार्टं ओरडलं, "आजोबा, ताईनं अख्खा हात घातला! दोन्ही हात घातले!" तेव्हा कुठे तुम्ही वर बघितलंत. बघितलंत आणि मग तुम्हाला पोरांना काय सांगायचं तेच सुचेना. सातही जणांनी त्या मिनिटात दोन्ही हात घालून घेतले. त्या बिचाऱ्या तारामाशांची मी माफी मागते.

उपाहारगृहात तुम्ही लाल मिसोच्या रश्शातले जाड उदोन नूडल्स मागवलेत, मला न विचारता माझ्यासाठीही, आणि माझ्या वाडग्यातला कांदा काढून स्वतःच्यात घातलात. बाबा, मी आता कांदा खाते. सांगितलं नाही. घालू दिलं.

मी म्हटलं, "ते गेल्या वर्षीचं कार्ड. बंद करतेय म्हणून छापलेलं. ते चुकून गेलं. कॉम्प्युटरमध्ये यादी होती ना, त्यातून..."

तुम्ही आतल्या खिशातून पाकीट काढलंत आणि त्यातून ते कार्ड. प्लास्टिकच्या पिशवीत. टाकीपाशी वजनाचे कागद ठेवता तसल्या.

"गेल्या वर्षी अशी अकरा आली," तुम्ही म्हणालात. "सगळ्यांची वयं झाली, टपाल महागलं. दहांवर पत्त्याची छापील चिठ्ठी होती. हे एकच हातानं लिहिलेलं."

मी घाईनं उदोनचा मोठा घास तोंडात कोंबला.

कारण यादीत तुम्ही नव्हताच. कसे असाल? मी तुम्हाला कधी काही पाठवलंच नव्हतं. एकतीस चिठ्ठ्या छापल्या, चिकटवल्या. मग बिस्किटाचा डबा उघडला, तुमच्या कार्डावरून तुमचा पत्ता बघून बघून उतरवला, चार ओळी, सगळ्यात चांगल्या पेनानं. मशीननं नाही पाठवलं, बाबा. मीच. मला तुम्हाला टोचायचं होतं. दर वर्षी तुम्ही नुसतं "तू?" विचारून मोकळे. मला वाटलं, आता घ्या.

"रागावलात?" मी विचारलं.

"कशाला?" तुम्हाला खरंच कळेना. "सोळा वर्षं मी तुझ्या आईच्या पत्त्यावर पाठवत होतो. ती तुला देते की नाही, तेही माहीत नव्हतं. तुझा पत्ता मला कुणी दिलाच नव्हता. तो ह्यावर होता. हे बघ, खाली डावीकडे. नागानोचा."

"तो छापील होता. सगळ्यांवरच होता."

"असेल. मला वाटलं, पत्ता दिलास."

"पण बाबा, वर काय लिहिलंय ते वाचलं नाहीत?"

"वाचलं ना. चार-पाच वेळा वाचलं. म्हटलं, बोलायचंच नसतं तर पत्ता कशाला दिला असता पोरीनं?"

बाबा, मी त्या वेळी नाक पुसत होते ते मिसो तिखट होतं म्हणून नाही. मिसो तिखट नसतोच. तुम्ही मात्र उठून पाणी आणलंत.

मग तुम्ही पोस्टातली गोष्ट सांगितलीत. तुम्ही हसत नव्हता, पण मी गाडीत आठवून आठवून हसले. नोव्हेंबरात नव्या वर्षाचं कार्ड विकत घेतलंत. एकच. खिडकीतली बाई म्हणाली, "एकच?" तुम्ही म्हणालात, "एकच लागतं." मग मोनाका गेली. घरात कुणी गेलं की पोस्टात ती कार्डं देऊन साधी बदलून मिळतात, म्हणून तेवढं एक कार्ड घेऊन तुम्ही परत त्याच खिडकीत.

"फॉर्म भरा," बाई म्हणाली. "मृताचं नाव?"

"मोनाका."

"आडनाव?"

"आडनाव नाही."

"बरं... नातं?"

तुम्ही म्हणालात, त्या चौकोनाशी तुम्ही बराच वेळ अडलात. मागे रांग लागली. शेवटी लिहिलंत: बावीस वर्षं. बाईनं वाचलं, तुमच्या टायकडे बघितलं, आणि शिक्का मारून साधं कार्ड दिलं.

ह्याच माणसानं घर बदलल्यावर नवा पत्ता पोस्टाला कळवला नाही! जुनी चाळ पाडली म्हणता उन्हाळ्यात. मी विचारलं तर म्हणालात, "एवढे फॉर्म कोण भरत बसणार." तुमच्या त्या आळसापायी मी पंधरा दिवस तुम्हाला मारून ठेवलं होतं.

"आणि ते साधं कार्ड?" मी विचारलं.

"तुझा पत्ता घातलाय. मजकूर सुचत नाही. आता मोनाका नाही ना. मग काय कळवणार?"

क्रीडादिनाचंही मी विचारलं. विचारणार नव्हते. तुम्ही म्हणालात, "मोनाका खात नव्हती." मग वाडगा बाजूला सारून, "म्हटलं, पुढच्या वर्षी येईन."

"पुढच्या वर्षी आम्ही नव्हतो."

"हो."

एवढंच. तुम्ही माफी मागितली नाहीत आणि मला ती नकोच होती, हे मला तिथेच कळलं. मला फक्त तो "हो" हवा होता. सोळा वर्षं आई म्हणत होती, त्यांना काही वाटत नाही.

निघताना किनुए आजी दारात होत्या. माझ्याकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं. "ओळखीची म्हणे!" तुम्हाला म्हणाल्या, "हिला पास काढून दे वर्षाचा. दोनदा आली की वसूल." तुम्ही म्हणालात, लांब राहते ती. मी म्हटलं, कुठे सही करू?

पासावरचा फोटो भयंकर आलाय. दोन्ही दात दिसतायत.

चिहारु


४ फेब्रुवारी, नागानो
(पोस्टकार्ड)

बाबा,

काल तुमचं कार्ड आलं. सुतकाच्या घरातून नव्या वर्षाऐवजी जाणारी थंडीची कार्डं काल शेवटची, पंचांगात आजपासून वसंत. अगदी दारात पाय टेकवलात. पहिल्यांदाच थेट माझ्या पेटीत पडलं. पायऱ्यांवर उभी राहूनच वाचलं, शेजारच्यांच्या पोरानं भूत घालवायच्या सणाला फेकलेले दाणे पायाखाली वाजत होते.

चित्र नाही, काही नाही. "थंडी आहे. मोनाका नाही. मी ठीक. तू?"

मी कार्डं बंद केलीत ती बंदच आहेत. हे कार्ड नाही, उत्तर आहे. जरा उशीर झाला.

मी ठीक. वजन ५२ किलो.

तुमचं वजन लिहायचं राहिलंय.

चिहारु